कत्तलखान्याचं सांडपाणी आणि पाणथळ वाफे : सोलापूर परिसरातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छोटे कत्तलखाने चालवणारे, मटण मार्केटची जबाबदारी असलेले नगरपालिकेचे कर्मचारी आणि ज्यांच्या बांधावरून कत्तलखान्याचा नाला जातो ते शेतकरी, अशा तिघांकडूनही साधारण हेच प्रश्न येतात. खालचा सगळा हिशेब रोज पन्नासेक शेळ्या-मेंढ्या कापल्या जातात अशा जागेचा धरला आहे. गाय-बैलांच्या कत्तलीवर राज्यात बंदी असल्यामुळे त्यांचा विषय इथे येत नाही. म्हशींचा कत्तलखाना असेल तर पाणी आणि घाण दोन्ही कितीतरी पट वाढतात, त्याचा आराखडा स्वतंत्र करावा लागतो.

पाणथळ वाफा म्हणजे नेमकं काय? आमच्या नाल्यात पाणकणीस आपोआप उगवलंय, तेही तेच काम करतं ना?

थोडंफार करतं. पण नाल्यात पाणी किती येतं, किती वेळ थांबतं आणि कुठून निसटतं यावर कुणाचाच ताबा नसतो. पाणथळ वाफ्यात हे तिन्ही ठरवून घेतलेलं असतं. अर्धा ते एक मीटर खोल खड्डा, तळाला पाणी न झिरपणारा कागद, त्यात ठरावीक मापाची धुतलेली खडी आणि वर नळगवत किंवा कर्दळ. पाणी खडीच्या पोटातून जातं, वर डबकं दिसत नाही. खडीच्या प्रत्येक तुकड्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि खरं शुद्धीकरण तोच करतो. गवताची मुळं खडी मोकळी ठेवतात, थोडा प्राणवायू आत पोचवतात, थोडं नत्र-स्फुरद उचलतात. गवताला लोक जरा जास्तच श्रेय देतात.

ही पद्धत जर्मनीतली. केथे झायडल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, पुढे राइनहोल्ड किकुट यांनी मातीच्या वाफ्यांची पद्धत पुढे आणली. आपल्याकडे ‘रूट झोन’ म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ तिथे आहे.

कत्तलखान्याची मोरी थेट वाफ्यात सोडली तर?

सहा महिन्यांत खडीचा वरचा थर काळा, चिकट आणि बंद होईल. पाणी वर साचेल, वास सुटेल, गवत पिवळं पडेल आणि लोक म्हणतील, ‘ही पद्धत आपल्याकडे चालत नाही.’ वाफा हा साखळीतला शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधी रक्त वेगळं झालं पाहिजे, पोटातला चारा वेगळा झाला पाहिजे, चरबी अडली पाहिजे आणि उरलेलं पाणी हवाबंद टाकीतून गेलं पाहिजे. वाफ्याला किती जागा लागणार हे कापण्याच्या ओट्यावरच ठरतं.

आर्किटेक्टच्या चित्रात कर्दळीची लाल फुलं ठळक असतात आणि चरबीची टाकी कुठेच नसते. असं चित्र कुणी समोर ठेवलं तर पहिला प्रश्न टाकीचाच विचारा.

रक्ताचा एवढा बाऊ कशाला? पाण्याबरोबर वाहून जातं की.

वाहून जातं, म्हणूनच. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो त्याला बीओडी म्हणतात आणि सांडपाण्याची ताकद त्यावर मोजतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. कत्तलखान्याच्या पाण्याची हजारापासून चार हजारांपर्यंत जाते. निव्वळ रक्ताची दीड ते दोन लाख मिलिग्रॅम असते.

पंचवीस किलोच्या बोकडाचं हाती लागण्याजोगं रक्त साधारण एक लिटर. म्हणजे एका बोकडाच्या रक्तातून १५० ते २०० ग्रॅम बीओडी. एक माणूस दिवसभरात संडास-मोरीतून ४५ ते ५० ग्रॅम टाकतो. पन्नास बोकडांचं रक्त मोरीत सोडलं की दीड-दोनशे माणसांच्या वस्तीचं सांडपाणी तुम्ही दिवसाला निघणाऱ्या पाच हजार लिटर पाण्यात (जनावरामागे शंभर लिटर) ओतलं.

रक्त धरायला यंत्र लागत नाही. टांगून कापा, खाली स्टीलची पन्हाळ द्या, पन्हाळीचं तोंड झाकणाच्या पिंपात. रक्त निथळायला पाच-सहा मिनिटं द्या. घाईत जनावर लगेच सोलायला घेतलं की उरलेलं रक्त ओट्यावर आणि तिथून मोरीत. आपल्याकडे रक्ती खाणारे लोक आहेत, काही रक्त तिकडे स्वच्छ भांड्यात जातंच. बाकीचं उकळून, गोठवून, वाळवून खतात जाऊ शकतं किंवा बायोगॅसच्या टाकीत थोडं थोडं देता येतं. एकदम ओतलं तर अमोनिया वाढून टाकी बंद पडते.

वजडी धुण्याचं पाणी वेगळं काढायचं म्हणजे काय करायचं?

सकाळी साडेसहाला वजडी धुणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पाहा. तो नळाखाली पोट चिरतो, आतला हिरवा चोथा पाण्याच्या धारेनं खाली ढकलतो, मग आतडी पिळून लेंड्यांचा लगदा त्याच मोरीत सोडतो. नळ तोवर सुरूच असतो. ही सगळी घाण कोरडी काढता येण्यासारखी होती, ती आपण पाणी घालून पातळ केली आणि मग ते पाणी साफ करायला टाकी बांधायला निघालो.

क्रम उलटा करा. पोट आधी कोरडं, एका घमेल्यात किंवा चाकांच्या ढकलगाडीत रिकामं करा. खरवडून चोथा बाहेर काढा. मग धुवा. चोथा आणि लेंड्या थेट कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा बायोगॅसला. मोरीच्या तोंडाशी दोन जाळ्या हव्यात: पहिली साधारण २० मिमी गाळ्याची, दुसरी ५ मिमीच्या आतली. जाळी उचलून झटकता येईल अशी ठेवा. खिळ्यांनी ठोकलेली जाळी आठ दिवसांत कुणीतरी काढून फेकतं, कारण मोरी तुंबते.

फरशी धुतानाही आधी फावड्यानं आणि रबरी वायपरनं ओढून घ्या, मग पाइप. पाणी कमी लागतं आणि टाकीही लहान पुरते.

चरबीची टाकी कशी असावी?

पाणी तिच्यात निदान अर्धा तास थांबलं पाहिजे, आत-बाहेरचे पाइप पाण्याखाली बुडालेले हवेत आणि झाकण एका माणसाला उचलता आलं पाहिजे. झाकण काढल्यावर वर पांढुरकी, साबणासारखी साय दिसते. ती बोटभर जाड झाली की काढायची वेळ झाली. ही टाकी रोज उघडायची असते, आखाडात दिवसातून दोनदा.

गरम पाणी या टाकीत येऊ देऊ नका. मुंडी-पाय साफ करायला किंवा भांडी धुवायला गरम पाणी वापरलं की त्यात चरबी वितळून पुढे जाते आणि वाफ्याच्या खडीत जाऊन थिजते. गरम पाणी आधी थंड होईल एवढं वेगळं थांबवा.

हवाबंद टाकी कशासाठी? तीही बांधायची आणि वाफाही, मग फायदा काय?

हवाबंद टाकीत, म्हणजे आडपडदे घातलेल्या तीन-चार कप्प्यांच्या टाकीत, वीज न लागता साठ-सत्तर टक्के बीओडी कमी होते. पाणी प्रत्येक पडद्याखालून वर चढतं, तळच्या गाळातले जिवाणू सेंद्रिय घाणीचा वायू करतात. त्या जिवाणूंना ३० ते ३५ अंश तापमान आवडतं. आपल्याकडे वर्षातला बराच काळ ते फुकट मिळतं. थंड देशांत हीच टाकी तापवावी लागते. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग फार कमी लोक करतात.

पाच हजार लिटर रोजच्या पाण्याला पाच ते दहा घनमीटरची टाकी पुरते. सुरू करताना चालू बायोगॅस टाकीतला गाळ किंवा शेणकाला घाला, पहिले दोन-तीन महिने भार हळूहळू वाढवा.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही: टाकीत माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गाळ वरून पंपानं, टँकरनं काढायचा.

मग जागा किती लागेल?

गुंठ्यात सांगतो. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर.

पन्नास जनावरं, जनावरामागे शंभर लिटर, म्हणजे रोज ५,००० लिटर पाणी. रक्त आणि चोथा वेगळा काढला असं धरू. बीओडी लिटरला १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला ६ किलो. जाळी, चरबीची टाकी आणि गाळटाकी मिळून पाव भाग कमी झाला, राहिले साडेचार किलो. हवाबंद टाकीनंतर साधारण दीड किलो. आता वाफा.

उभ्या प्रवाहाच्या (पाणी वरून खाली निथळणाऱ्या) वाफ्याला रोज चौरस मीटरमागे २० ग्रॅम बीओडी द्यायची असं आपण धरतो. दीड किलोला ७५ चौरस मीटर लागले. पण एक वाफा चालू असताना दुसरा विश्रांतीला हवा, म्हणून तेवढेच दोन, १५० चौरस मीटर. त्यातून बाहेर पडणारे सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम आडव्या प्रवाहाच्या (पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकणाऱ्या) वाफ्यात, चौरस मीटरमागे ६ ग्रॅमच्या हिशेबानं, आणखी ४० चौरस मीटर. सगळे मिळून १९० चौरस मीटर, जवळपास दोन गुंठे. टाक्या, रस्ता, कंपोस्ट धरून तीन गुंठे मोकळे ठेवा.

आता रक्त मोरीत सोडलं असं धरा. त्याच ५,००० लिटरमध्ये साडेसात किलो वाढले, सहाचे साडेतेरा झाले. वाफे सव्वाचार गुंठ्यांवर गेले, टाक्याही दुप्पट. शहरातल्या जागेचा भाव तुम्हाला माहीत आहे, पन्हाळीचा आणि पिंपाचाही.

ही गणितं आराखड्याची सुरुवात करायला ठीक आहेत. प्रत्यक्ष बांधण्याआधी तुमच्याच मोरीचं पाणी तपासून घ्या, आणि एका दिवसाचा एकच नमुना घेऊ नका. का, ते पुढच्या प्रश्नात.

सोमवारी जवळजवळ शून्य, रविवारी तिप्पट. या चढउताराचं काय करायचं?

बाहेरच्या पुस्तकांतला आराखडा आपल्याकडे आणला की तो इथे हमखास फसतो, कारण त्यात रोजचं पाणी सारखं धरलेलं असतं. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी यांनी धंद्याचं पंचांग ठरतं. रविवार, बुधवार, शुक्रवार जोरात. आखाडात तर विचारायलाच नको, आणि आखाड संपला की श्रावणात ओटे कोरडे. बकरी ईद, धुळवड, संक्रांतीनंतरची कर हे दिवस वेगळेच. नवरात्रात पुन्हा शांतता.

दोन उपाय आहेत. पहिला, समतोल टाकी: निदान एका जोरदार दिवसाचं पाणी मावेल एवढी, आणि तिच्यातून पुढे थोडं थोडं सोडायचं. रविवारचं पाणी सोमवारी दुपारपर्यंत पुरवून वापरायचं. दुसरा, आराखडा आखाडातल्या रविवारच्या नमुन्यावर करायचा. श्रावणातल्या सोमवारी नमुना घेऊन काढलेला आकडा कागदावर छान दिसतो एवढंच.

सलग बंद असेल तेव्हा वाफा सुकू देऊ नका. आडव्या वाफ्याच्या बाहेरच्या पाइपला वर-खाली करता येणारा कोपरा असतो, तो उभा करून पाणी आत अडवा.

बकरी ईदचा प्रश्न निराळा आहे. त्या दिवशी कुर्बानी अनेक ठिकाणी होते आणि दोन-तीन दिवसांत सगळा भार येतो. त्यासाठी कायमचा वाफा मोठा करण्यात अर्थ नाही. रक्त आणि पोटं गोळा करायला जादा पिंपं, घंटागाड्या आणि चुना-माती टाकून झाकायचे खड्डे आधीपासून तयार ठेवले तर नाल्यात जाणारं बरंचसं थांबतं.

उभा वाफा आणि आडवा वाफा यांत फरक काय?

उभ्यात पाणी वरून हप्त्याहप्त्यानं सोडतात, ते खाली निथळतं आणि मागोमाग हवा आत शिरते. त्यामुळे तिथे प्राणवायू भरपूर. आडव्यात पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खडीत भरून हळू सरकतं, आत हवा कमी. कत्तलखान्याच्या पाण्यात प्रथिनांमुळे नत्र खूप असतं आणि हवाबंद टाकीतून बाहेर येताना त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपात असतो. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. ते काम उभा वाफा करतो. पुढे नायट्रेटचा वायू होऊन निघून जायला हवा नसलेली जागा लागते, ती आडवा वाफा देतो. म्हणून आधी उभा, मग आडवा.

वर काढलेली दोन गुंठ्यांची जागा बीओडीची आहे, अमोनियाला ती कमी पडते. शेजारी पिण्याच्या विहिरी असतील तर उभा वाफा दीडपट करा किंवा बाहेरचं थोडं पाणी परत आत फिरवा.

काळ्या मातीत खड्डा टिकतो का? कागद कोणता?

काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. तिच्या भरवशावर पाणी अडवायला जाऊ नका. सगळीकडे मिळणारा शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद चालतो. जिल्ह्यात डाळिंबवाल्यांनी शेततळी इतकी केली आहेत की तो जोडणारे लोक शोधावे लागत नाहीत. खाली मुरूम दाबून, बारीक माती पसरून मगच कागद टाका, वरून जुन्या पोत्यांचा किंवा जिओटेक्स्टाइलचा थर द्या, नाहीतर खडीची धार कागद फाडते.

खडी आपली बेसाल्टचीच. पाणी आत येतं आणि बाहेर पडतं त्या टोकांना ४० मिमीची, मधे १० ते २० मिमीची. क्रशरवरून आलेली खडी धुतल्याशिवाय टाकू नका. तिच्यातली भुकटी तळाला बसते आणि वाफा पहिल्याच वर्षी आखडतो. कंत्राटदार ‘पाऊस धुऊन काढेल’ म्हणतो. पाऊस ती भुकटी खालीच नेतो.

कोणती झाडं लावायची?

नळगवत पहिलं. सीनेच्या काठाला, नाल्यांच्या कडेला ते मिळतं, मुळं खोल जातात, उन्हाला दबत नाही. कर्दळ लवकर धरते, दिसते चांगली, पण सतत कापावी लागते. वाळा सावकाश वाढतो, एकदा बसला की वर्षानुवर्षं राहतो. पाणकणसाची मुळं उथळ, ते आडव्या वाफ्यात ठीक. चौरस मीटरला चार रोपं पुरतात.

जलपर्णी नको. बेशरमीही नको, ती न लावताच येते, दिसली की उपटा.

लावणी जून-जुलैमध्ये. एप्रिल-मेमध्ये लावून रोज टँकर मागवणारे भेटतात, त्यांना काय सांगणार. पहिले काही आठवडे साधं पाणी, मग निम्मं साधं निम्मं सांडपाणी, मग पूर्ण. ताकदीचं अमोनियाचं पाणी कोवळ्या मुळांना जाळतं.

उन्हाळ्यात बाहेर पाणीच येत नाही. कुठे गळतंय का?

आधी गणित करून पाहा. मे महिन्यात आपल्याकडे अशा वाफ्यावरून दिवसाला १० मिमी पाणी सहज उडतं, म्हणजे चौरस मीटरला १० लिटर. १९० चौरस मीटरवर १,९०० लिटर. पाच हजार आत गेले तर बाहेर ३,१०० येणार. गळतीचा संशय त्याच्याही खाली गेलं तर घ्या.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. आत लिटरला १,००० मिलिग्रॅम क्षार असतील तर बाहेर १,६०० होतात. तपासणीच्या अहवालात उन्हाळ्यात क्षार वाढलेले दिसले की वाफा बिघडला असं नव्हे. पण तेच पाणी शेताला देणार असाल तर हा आकडा गंभीरपणे घ्या.

कातड्याला मीठ लावतो, ते पाणीही यातच सोडू का?

नको. वाफा मीठ काढत नाही. मीठ आधी झाडून, कोरडं गोळा करून परत वापरा. उरलेलं खारट पाणी वेगळ्या उथळ, कागद घातलेल्या हौदात उन्हात वाळवा.

बाहेर पडलेलं पाणी शेतीला चालेल?

निकषांत बसत असेल आणि क्षार मर्यादेत असतील तर चारापिकांना, नेपियरला, बांधावरच्या झाडांना चालतं. कोथिंबीर, मेथी, काकडी, गाजर, कच्चं खाल्लं जाणारं काहीही नको. वाफ्यात रोगजंतू कमी होतात, संपत नाहीत. जंतांची अंडी खडीत बरीच अडतात, पण साल्मोनेलासारख्या जिवाणूंसाठी शेवटी क्लोरीन किंवा अतिनील दिवा लागतो. क्लोरीन देणार असाल तर पाणी आधी नितळ हवं, गढूळ पाण्यात तो वाया जातो.

आपल्या भारी काळ्या जमिनीत निचरा मुळात कमी. खारट पाणी वर्षानुवर्षं दिलं की जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते, आणि चोपण झालेलं रान पुन्हा आणायला किती हाल होतात हे कॅनॉलच्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. दरवर्षी माती तपासा, पाणी आलटून-पालटून द्या. आणि हे पाणी मांस, सुरी, ओटा धुवायला कधीच नाही.

कायद्यानं किती स्वच्छ पाणी सोडावं लागतं?

केंद्राच्या निकषांप्रमाणे कत्तलखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (घाणीची रसायनांनी मोजलेली प्राणवायूची गरज) २५०, तरंगते कण ५०, तेल-चरबी १० यांच्या आत आणि सामू ६.५ ते ८.५ हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची अशी दोन संमतीपत्रं लागतात. संमतीपत्रात याहून कडक आकडा लिहिला असेल तर तोच धरायचा. २००१ चे कत्तलखाना नियम दिवसाला दहा किंवा अधिक जनावरं कापणाऱ्या जागेला लागू होतात. ‘आम्ही छोटे आहोत’ ही सबब पन्नास जनावरांना चालत नाही.

नुसत्या वाफ्यानं ३० बीओडी गाठता येते का? कुठे झालंय?

मेक्सिकोतल्या एका कत्तलखान्यात गाळटाकी, हवाबंद तळं आणि आडवा वाफा अशी पूर्ण मापाची साखळी तपासली गेली. सेंद्रिय भार जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरला, तरी पाणी तिथल्या नियमांत बसलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. सुरुवात हजार-दोन हजारांपासून असेल तर नव्वद टक्के म्हणजे अजून शंभर-दोनशे शिल्लक. ३० गाठायला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के लागतात, आणि ते रक्त बाहेर काढून, उभा-आडवा असे दोन टप्पे ठेवूनच जमतं. घरगुती सांडपाण्यासाठी मात्र आडवे वाफे आपल्या हवामानात चाललेले आहेत. उज्जैनमध्ये १९९० च्या दशकातच त्यावर काम झालं.

मोठ्या, यांत्रिक, निर्यातीच्या कत्तलखान्याला मी वाफ्याचा आग्रह धरणार नाही. त्यांच्याकडे पाणी लाखो लिटरमध्ये असतं, त्यांनी हवा भरणारी यंत्रणाच घ्यावी आणि वाटल्यास शेवटी वाफा ठेवावा. तालुक्याच्या गावच्या मटण मार्केटला, जिथे हवा भरणारा ब्लोअर बिघडला की दुरुस्त करणारा सोलापूरहून यायला आठवडा लागतो, तिथे वाफा शोभतो.

डास आणि वास?

पाणी खडीच्या वर येत नसेल तर डासांना अंडी घालायला जागाच नाही. वर पाणी दिसलं की समजा वाफा चोंदतोय. वास येतो तो बहुधा उघड्या चरबीच्या टाकीतून आणि जाळीवर पडून राहिलेल्या चोथ्यातून. कुत्री आणि घारी जमल्या की चूक कुठे आहे ते त्याच दाखवतात.

लाइट गेली तर?

उतार असेल तर सगळं आपोआप वाहतं. उभ्या वाफ्याला हप्ता द्यायला सायफनची टाकी बसवता येते, तिला वीज लागत नाही. सपाट जागेवर छोटा पंप लागेल, तेव्हा समतोल टाकी एक दिवसाची असेल तर लाइटचं एवढं काही नाही.

पावसाचं पाणी आत शिरलं तर?

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस धोक्याचा. ५० मिमीची एक सर म्हणजे १९० चौरस मीटरवर साडेनऊ हजार लिटर, जवळपास दोन दिवसांचं पाणी एका संध्याकाळी. तेवढं वाफा सोसतो. आवारातलं, छपरावरचं पाणीही त्यात आलं तर टाकीतला गाळच पुढे वाहून येतो. कापण्याच्या ओट्यावर छप्पर घाला, पन्हाळी बाहेर काढा, वाफ्याला वीतभर उंच कठडा द्या. हे नाले शेवटी सीनेला मिळतात आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला, तेव्हा पावसात गुपचूप सोडून दिलं तरी ते आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांच्या दारावरून जातं.

वाफा चोंदला तर सगळी खडी काढायची का?

आधी विश्रांती द्या. उभा वाफा एक आठवडा चालू, एक आठवडा बंद असा फिरवला तर वरचा थर वाळून भुगा होतो आणि पाणी पुन्हा जिरतं. चरबीनं चोंदला असेल तर वरची वीतभर खडी काढून, धुऊन, उन्हात टाकून परत घालावी लागते. पूर्ण खडी बदलायची पाळी नीट सांभाळलेल्या वाफ्यावर दहा-पंधरा वर्षांत येते.

रोज बघायचं कुणी, आणि काय?

एक माणूस, सकाळी पाऊण तास. जाळ्या झटकणं, चरबी काढणं, रक्ताचं पिंप हलवणं, हप्ता सगळीकडे सारखा पडतोय ना ते पाहणं. बाहेरचं पाणी काचेच्या बाटलीत भरून अर्धा तास ठेवायचं: तळाला गाळ बसला, वर तवंग आला किंवा लालसर झाक दिसली की मागे कुठेतरी काम चुकलंय. प्रयोगशाळेची तपासणी संमतीपत्रात लिहिली असेल तशी. पण तुम्हाला पहिली सूचना बाटलीच देते.

त्या माणसाचा पगार ठरवल्याशिवाय बांधकाम सुरू करू नका. योजनेत बांधकामाला पैसे असतात, पगाराला नसतात, आणि दुसऱ्या वर्षी वाफ्यात कर्दळीऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात.

चिकनच्या दुकानाला हे परवडेल का?

एकट्या दुकानाला नाही, जागाच नसते. पिसं आणि आतडी झाकणाच्या डब्यात वेगळी, फरशीखाली चरबीचा छोटा सापळा, रक्त बादलीत. एवढं केलं तरी मोरीतली बरीचशी घाण थांबते. आठ-दहा दुकानं एका ओळीत असतील तर सगळ्यांची मिळून एक टाकी आणि एक वाफा करता येतो, पण पिसांची जाळी प्रत्येक दुकानात वेगळी हवी. सामाईक जाळी कुणीच साफ करत नाही.

कापलेलं नळगवत जनावरांना घातलं तर चालेल?

घालू नका. वर्षातून एकदा-दोनदा कापा, कोयत्यानं तुकडे करा आणि पोटातल्या चोथ्याबरोबर थरावर थर लावून कंपोस्ट करा. चोथा ओला आणि नत्राचा, गवत कोरडं आणि कर्बाचं, दोन्ही मिळून खड्डा लवकर तापतो. तापल्यावर एकदा उलटा, म्हणजे बाहेरचं आत जाईल. पावसाळ्यात खड्ड्यावर कागद टाका.